अनुभव धागा : घरात खदान, घरात पलटण

कोळशाचा_नातू

चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी आणि तिकडे छिंदवाड्याकडे परासिया, जुन्नारदेव हा आमचा कोळशाचा पट्टा. इथं कुठल्याही घरात जरा चौकशी केली की एक खाणकामगार निघतो आणि एक फौजी निघतो, बरेचदा तो एकच माणूस असतो. लढाईवर जाऊन आलेला आणि मग उरलेलं आयुष्य जमिनीखाली हाजरी लावलेला. मेडलवाल्यांबद्दल वाचायला मिळतं, युनियनच्या पुढाऱ्यांबद्दल मिळतं, साध्या लोडरबद्दल, म्हणजे कोळसा भरणाऱ्याबद्दल, कोणी लिहीत नाही. तेव्हा घरचं, शेजारचं, बघितलेलं, ऐकलेलं जे असेल ते टाका. मोठं शौर्य नको. काय खायचे, पगार कसा मिळायचा, काय सांगायचे आणि कोणता विषय निघाला की उठून जायचे, असलं लिहा. (आणि "गोळी समोरून येते, छत वरून येतं" हा डायलॉग प्लीज टाकू नका, प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्यानं तो मारलेला आहे.)

सुरुवात मीच करतो. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ ला बंद पडली आणि कोळशाचं बस्तान बल्लारपूरला हललं, त्या लोंढ्यात आमचे पणजोबा आले. आजोबा पोरवयातच टब, म्हणजे रुळावरची कोळशाची गाडी, ढकलायला लागले. तेव्हा पगार म्हणजे टबावर हिशेब, टबात दगड जास्त दिसला की हिशेब ठेवणारा मुनशी तो टब धरायचाच नाही, आणि दुकानाचं खातं वेगळं. ते खातं कधी मिटायचं नाही. १९४२ ला कामठीला महार पलटणीची दुसरी बटालियन उभी राहत होती. पहिल्या महायुद्धात १११ नंबरची महार पलटण काढली होती ती १९२१ ला मोडून टाकली, मग बाबासाहेबांनी भरतीचा विषय लावून धरला आणि १९४१ ला बेळगावला पहिली बटालियन झाली, त्यामुळे आमच्या वस्तीत हा मानाचा विषय होता, लोक अजूनही तसंच सांगतात आणि ते खरंच आहे. आजोबा मात्र म्हणायचे मान-बिन नंतर रे बाबू, दुकानदार उधार द्यायचा बंद झाला होता.

बर्माचं ते फार सांगायचे नाहीत. सांगायचे ते पावसाचं, खेचरांचं, आणि मलेरियासाठी रोज एक पिवळी गोळी साहेबाच्या समोर गिळावी लागायची तिचं. सगळ्यांचे डोळे नि कातडी पिवळी पडायची, आणि पोरांमधे अफवा की या गोळीनं माणूस नामर्द होतो, म्हणून काही जण गालात दाबून ठेवायचे आणि मागं जाऊन थुंकायचे. जे थुंकायचे ते पहिले तापानं आडवे. १९४६ ला सुटले, हातात थोडे पैसे, एक मेडल, एक लांब लोकरी कोट. पेन्शन नाही, कारण पेन्शनला पंधरा वर्षं सर्व्हिस लागायची आणि लढाई काही तेवढी चालली नाही. परत त्याच खाणीत, त्याच मुनशीकडे. बुटात पाय घालायच्या आधी बूट उलटा करून दोनदा जमिनीवर आपटायची सवय तेवढी शेवटपर्यंत होती, बर्मात जळवा निघायच्या, इथं विंचू.

परासियाची_नात

धागा काढला हे फार बरं केलं. माझी गोष्ट आजीची आहे, चालेल ना?

आम्ही छिंदवाड्याचे, घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि आजी दोन्ही एकाच वाक्यात बोलायची. आजोबा लढाईत खेचरांच्या कंपनीत भरती होऊन इटलीला गेले. इटलीत डोंगरावर गाड्या चढत नव्हत्या म्हणून दारूगोळा आणि रोटी खेचरांवर जायची. इकडे घरी मनीऑर्डर यायची पण कधी दोन महिने यायची, कधी नाही. आणि १९४३ ला असं झालं की कोळसा कमी पडायला लागला. रेल्वे कोळशावर, कारखाने कोळशावर, आणि मजूर मात्र मिलिटरीच्या कामावर पळाले कारण तिकडे विमानतळं, रस्ते यांच्यावर रोजी जास्त होती. बायकांना खाणीच्या आत न्यायला त्याआधी सरकारनं बंदी घातली होती, ती १९४३ ला उठवली. आजी उतरली. तेव्हा तिला एक पोर होतं, ते सासूकडे ठेवून.

ती टोपल्यात कोळसा भरून टबापर्यंत न्यायची. टब कुठं उभा असेल त्यावर दिवस चांगला की वाईट ते ठरायचं. रूळ जवळ आला असेल तर बरं, नाही तर वाकून वाकून चालायचं. नियम असा होता की साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या बोगद्यात, बायकांना लावायचं नाही आणि पुरुषाइतकीच मजुरी द्यायची. मी मोठी झाल्यावर हे वाचलं आणि कौतुकानं आजीला सांगायला गेले तर ती हसायला लागली, म्हणाली कोन नापता था ग पोरी, तिथं दिवा धरायला हात मोकळा नव्हता. मजुरीचं मात्र खरं म्हणाली, टबाचा भाव बाईला आणि बुवाला एकच होता, तेवढं झालं.

१९४६ च्या फेब्रुवारीत बंदी परत लागली आणि सगळ्या बायकांना वर काढलं. लढाई संपली, गरज संपली. आजोबा त्याच वर्षी आले, आणि ते खाली उतरायला लागले, आजी वर दगड वेचायला लागली. म्हणजे आमच्या घरात इटली बघितलेला माणूस खाणीत शिकाऊ होता आणि बायको त्याला सांगायची की कुठं पाय ठेवू नको. आजोबांना हे आवडायचं नाही म्हणे. इटलीचं काय सांगायचे तर चिखल, बर्फ, आणि तिथली गरीब पोरं कॅम्पच्या उकिरड्यावर खायला शोधायची ते. गोऱ्यांच्या देशात पण भूक असते हे बघून त्यांना काहीतरी झालं होतं, कारण ते हे वारंवार सांगायचे, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा.

कोळशाचा_नातू

@परासियाची_नात चालेल काय, हेच पाहिजे होतं. त्या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं. बंदी उठवल्याबद्दल असेंब्लीत त्यांच्यावर बरीच टीका झाली, आणि त्यांनी समान कामाला समान मजुरी हा मुद्दा तिथं ठामपणे मांडला. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या खाणी बघायला स्वतः खाली उतरले होते, आणि १९४४ च्या जानेवारीत कोळसा कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आमच्याकडे म्हातारे दोन्ही गोष्टी सांगतात, बंदी उठवली हेही आणि निधी आणला हेही. मला वाटतं दोन्ही एकत्रच सांगितल्या पाहिजेत, सोयीचं तेवढं उचलून नाही.

जुना_ओव्हरमन

मी फौजी नाही. मायनिंग सरदार म्हणजे खालचा मुकादम म्हणून लागलो, त्याच्या वरचा ओव्हरमन म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी अंडरग्राउंड. पण माझ्या हाताखाली माजी सैनिक काम करून गेले म्हणून लिहितो, आणि पहिले खाणीत काम काय असतं ते लिहितो कारण इथं नव्या पोरांना खाण म्हणजे ते मोठे डम्पर नि उघडा खड्डाच वाटतो.

पाळी सुरू व्हायच्या आधी हाजरीघर, मग लॅम्परूम. लॅम्परूमला टोकन द्यायचं, कॅपलॅम्प घ्यायचा, बॅटरी कमरेला. जुन्या बॅटऱ्यांतून ॲसिड गळायचं आणि प्रत्येकाच्या पँटीला उजव्या ढुंगणावर भोक असायचं, बाजारात माणूस पाठमोरा दिसला तरी कळायचं की हा खाली जाणारा. खाणीच्या तोंडावर झडती. बिडी, माचीस काही आत न्यायचं नाही, गॅसचा धोका. म्हणून आमच्याकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, इतका चालतो राजेहो, बिडी बंद म्हटल्यावर माणूस करन काय. शासनानं कितीही बंदी घालू दे.

आत गेल्यावर सरदाराचं पहिलं काम छत ठोकून बघणं. हातात काठी, काठीनं वर ठोकायचं, दुसऱ्या हाताचा पंजा छताला लावून ठेवायचा. कलिंगड ठोकून घेता ना, तसंच. खणखणीत वाजलं तर पक्कं, भद्द वाजलं तर वर थर सुटलेला आहे, मग सब्बलनं, म्हणजे पहारेनं, तो पाडून टाकायचा किंवा खाली टेका द्यायचा, आणि पंजा कशाला तर कधीकधी कानाला कळत नाही पण हाताला थरथर कळते. हे पुस्तकात एक ओळ आहे. शिकायला वर्षं जातात. मला ज्यानं शिकवलं तो बर्मा का कुठून जाऊन आलेला होता, कानानं थोडा बहिरा, तोफेमुळं, आणि तरी छत त्याला माझ्या आधी कळायचं कारण तो हातानं ऐकायचा.

मग डिपिलरिंग. कोळसा काढताना मधे खांब सोडत जातात, शेवटी तेच खांब कापत मागं मागं यायचं, आणि मागची पोकळी बसू द्यायची, तिला गोफ म्हणतो आम्ही. तिथं लाकडाचे टेके लावलेले असतात. लोखंडी टेका जास्त मजबूत, सायबांना तो आवडायचा, पण जुन्या लोकांना लाकूडच पाहिजे, कारण लाकूड मोडायच्या आधी कडकड बोलतं. ते बोलायला लागलं की हातातलं टाकून निघायचं, अवजारं, डबा, काही घ्यायचं नाही. नवीन पोट्टे डब्यासाठी मागं वळतात. माजी सैनिक वळत नव्हते, हा फरक मी डोळ्यानं बघितला. हुकूम झाला की निघाले. आणि बाहेर आल्यावर पहिले माणसं मोजायचे, मी सांगायच्या आधी. बाकी मात्र ते लोक लोडिंगला काही विशेष नसायचे, गोंड आणि छत्तीसगडी लोडर त्यांच्यापेक्षा दुप्पट भरायचे, उगीच फौजी म्हणजे सगळ्यात भारी असं नाही.

लढाईच्या वेळेस मजूर कमी पडला तर गोरखपूरकडून भरती करून माणसं आणली होती, ती कॅम्पमधे ठेवायचे, मिलिटरीसारखी बराक, मेस, पहारा. आमच्या लहानपणी कोळशाच्या गावात "गोरखपुरी" हा वेगळाच वर्ग होता. म्हणजे लढाईवर न जाता लढाईसारखं राहिलेली पण माणसं होती, त्यांचं कोणी लिहीत नाही.

नागपुरी_संत्रा

काका ते बॅटरीच्या भोकाचं वाचून हसलो, आमच्या मोठ्या बाबांच्या सगळ्या पँटींना ठिगळ त्याच जागी. मोठी आई म्हणायची याची शिलाई ॲसिडवाल्याकडून घ्या.

कोरेगावकर

आमच्याकडे कोळसा नाही, ऊस आणि पलटण. सातारा जिल्हा. मिलिटरी अपशिंगे सगळ्यांना माहितीय, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाचे ४६ जण गेले. मी आमच्या चुलत आजोबांचं लिहितो, ते चौथ्या मराठा बटालियनमधे, मार्च १९४४ ला मणिपूरकडे सांगशाकला होते. इंफाळ, कोहिमा सगळ्यांना माहीत असतं, सांगशाक कोणाला नाही.

ते टेकाड असं की वर जरा माती आणि खाली कातळ. खंदक खणायचा तर कमरेएवढा सुद्धा होईना, कुदळ ठणठण वाजायची. पाणी नाही. विमानातून पाणी आणि दारूगोळा टाकायचे त्यातलं बरंचसं जपान्यांकडे पडायचं कारण जागाच एवढीशी. मेलेली माणसं आणि खेचरं पुरता येत नव्हती, परत कातळ. चार-पाच दिवस हे चाललं आणि मग रात्री निघा म्हणून हुकूम आला. आजोबा म्हणायचे की तिथं एक सोबती होता, नागपूरकडून आलेला, त्यानं आधी खाणीत काम केलं होतं, तो कुदळ आपटत नव्हता. दगडाची चीर कुठं आहे ते बोटानं बघायचा आणि तिथं पहार घालून तासाभरात इतरांपेक्षा दुप्पट खोल जायचा, मग त्याला सगळे बोलवायला लागले, हवालदार पण. तो माणूस तिथून निघाला की नाही हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नाव आठवायचं त्यांना, गाव नाही.

आजोबा नंतर मुंबईला गिरणीत लागले. गिरणीत पण बहिरेपणा येतो म्हणा.

कार्डिफकर

मी इकडे वेल्समधे नर्स आहे, केअर होममधे ड्युटी असते. इथला प्रत्येक दुसरा म्हातारा खाणीतला, छातीचं दुखणं घेऊन बसलेला, त्यामुळे हा धागा वाचताना मला वॉर्डच दिसत होता. एक आजोबा होते त्यांचं सांगते, नाव नाही सांगत.

ते बेव्हिन बॉय होते. भारतात हे फार कोणाला माहीत नसेल. १९४३ च्या शेवटाला ब्रिटनमधे पण तेच झालं, खाणकामगार सैन्यात भरती होऊन गेले आणि खाणीत माणूस उरला नाही. मग अर्नेस्ट बेव्हिन हा मजूर मंत्री, त्यानं अशी सोडत काढली की सक्तीच्या भरतीत आलेल्या पोरांच्या रजिस्ट्रेशन नंबरचा शेवटचा आकडा चिठ्ठीत निघाला तर ते पोरगं सैन्यात न जाता खाणीत. साधारण दहातला एक. सोडतीतले आणि स्वतःहून खाण मागून घेतलेले मिळून जवळजवळ ४८,००० पोरं अशी गेली. नकार दिला तर तुरुंग. आमच्या आजोबांना नेव्हीत जायचं होतं, सगळी तयारी त्याची, आणि नंबर निघाला खाणीचा.

त्यांचं दुःख खाणीचं नव्हतंच. गणवेश नव्हता हे दुःख. तरुण धडधाकट पोरगा साध्या कपड्यात रस्त्यावर दिसला की लोक समजायचे पळपुटा आहे, पोलीस अडवून कागद मागायचे, दुकानातली बाई टोमणा मारायची की माझा मुलगा तिकडे मरतोय. लढाई संपल्यावर सैनिकांना मेडल, सूट, परत जुनी नोकरी मिळायचा हक्क, यांना काही नाही. सरकारनं बॅज दिला तो २००८ ला. तो ते रोज झोपायच्या कपड्यांना लावायला सांगायचे, आणि मी विसरले की घंटी वाजवायचे, रात्री दोनला सुद्धा. माझ्या सहकारी वैतागायच्या. मी लावायचे, माझे वडील वणीला खाणीत होते म्हणून असेल.

स्पष्टवक्ता_७७

राग मानू नका पण एक वेगळं मत. सैनिक आणि खाणकामगार एकाच पंगतीत बसवणं मला पटत नाही. सैनिक देशासाठी जातो, कामगार पगारासाठी. कष्ट दोघांचे मान्य. पण तुलना नको.

कोळशाचा_नातू

राग कसला. पण वर वाचा ना, आमचे आजोबा पलटणीत गेले ते दुकानाच्या उधारीमुळे. १९४२ ला "देशासाठी" म्हणायचं तर कोणत्या देशासाठी हा पण प्रश्नच होता, राज्य इंग्रजांचं, त्याच ऑगस्टमधे चिमूरला गोळीबार झाला, आमच्याच जिल्ह्यात. एका घरातला पोरगा इंग्रजांच्या पलटणीत आणि शेजारचा इंग्रजांच्या तुरुंगात असं चित्र होतं. त्या पोरांना आजच्या चष्म्यातून बघू नये एवढंच.

जुना_ओव्हरमन

@स्पष्टवक्ता_७७ धनबादकडची चासनाला कोळसा खाण, २७ डिसेंबर १९७५. पाणी घुसलं, ३७५ माणसं गेली. लढाई नव्हती त्या दिवशी. आमच्याच पेंच भागात न्यूटन चिखलीला १९५४ च्या डिसेंबरात पाणी आलं त्यात पण साठहून जास्त गेली. पंगत वेगळी ठेवा तुम्ही, हरकत नाही, पण वाढताना हात आखडू नका.

स्पष्टवक्ता_७७

मान्य, शेवटचं वाक्य मान्य.

घुग्गुसची_मुलगी

मी खूप वेळ विचार करून राहिले होते लिहू की नको. बाबा दोन्ही होते म्हणून लिहिते.

बाबा जंगी पलटणीत, म्हणजे पहिली मराठा, १९७१ च्या लढाईत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होते. ती गोष्ट त्यांची फेव्हरेट. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी पाठवली की वेढा पडलाय, शरण या, आणि तिकडून उत्तर आलं त्या कागदात एक गोळी गुंडाळून. मग रात्री ते लोक वेढा फोडून निघायला बघत होते आणि मराठा रस्त्यावर दबा धरून. बाबा ही गोष्ट सांगताना चिठ्ठी आणणाऱ्या म्हाताऱ्याची नक्कल करायचे, सायकलवर आला होता म्हणून, आम्ही पोरं हसून लोळायचो. रात्रीपुढचं ते कधी सांगायचे नाहीत. सकाळ झाली, संपलं, जेवण आलं, असं म्हणून उठायचे.

पंधरा वर्षं करून सुटले, पेन्शन चालू, आणि मग वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत लागले. खाणी १९७३ ला सरकारी झालेल्या होत्या, त्यामुळे क्वार्टर, दवाखाना, महिन्याचा पगार, बोनस. आई म्हणायची ठेकेदारीच्या काळात लग्न झालं असतं तर मी माहेरीच राहिले असते. बाबांना पहिले गार्डचं काम, नंतर खालचं काम मागून घेतलं कारण अंडरग्राउंडला भत्ता जास्त. घरातल्या सगळ्यांनी विरोध केला. दोन मुलींची लग्नं म्हणून ऐकलं नाही, त्यातली एक मी.

क्वार्टरमधलं आयुष्य म्हणजे भोंग्यावर. तीन पाळ्यांचे तीन भोंगे, आणि वेळ नसताना वाजला की सगळ्या बाया अंगणात. कोणी रडायचं नाही, कोणी बोलायचं नाही, फक्त एकमेकींच्या नवऱ्याची आज कोणती पाळी ते विचारायचं. माझ्या आठवणीत असा भोंगा वाजला आणि त्या दिवशी आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरचे काका गेले, छत पडलं. बाबा त्यांना काढणाऱ्यात होते. घरी आले, मोरीत बसले, पाणी काळं वाहत राहिलं, आई बादलीमागून बादली ओतत होती आणि तिनं काही विचारलं नाही. जमालपूरची गोष्ट इतक्यांदा सांगणारा माणूस, खाणीची एक गोष्ट त्यानं आम्हाला सांगितली नाही. लढाई लांब होती म्हणून सांगता आली असेल, खाणीत उद्या परत जायचं असायचं.

नंतर खोकला. कॉलनीत धूळ, सिमेंट कारखाना बाजूला, गावात सगळ्यांनाच खोकला, त्यामुळे डॉक्टर म्हणायचे खाणीचाच आहे कशावरून. एका दवाखान्यानं टीबी म्हणून महिनोन्महिने गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं फोटो बघून सांगितलं फुप्फुसात धूळ बसलीय. कागदाला कागद लागत गेला, भरपाईचा निकाल लागायच्या आधी बाबा गेले. शेवटी पैसा आला तो फौजेच्या पेन्शनचा, आईला फॅमिली पेन्शन, टायमावर, आजपर्यंत.

परासियाची_नात

@घुग्गुसची_मुलगी वाचून थांबले थोडा वेळ. आमच्याकडे पण मोरीतलं काळं पाणी. आईंना नमस्कार सांगा.

टिप्परवाला_फौजी

आमचा जमाना उलटा. आधी फौज, मग कोळसा, पण खाली न उतरता. आर्मीतून सुभेदार रिटायर झालो. माजी सैनिकांच्या कंपन्या असतात, पुनर्वसन महासंचालनालयामार्फत स्पॉन्सर होतात, कोल इंडियाच्या खाणीत लोडिंग नि वाहतूक करतात, त्यात आम्ही काही जण टिप्पर घेऊन उतरलो. ओपनकास्ट खाण. वरची माती आणि दगड काढून बाजूला ढीग लावतात त्याला ओबी म्हणतात, गावाच्या दुप्पट उंच डोंगर उभे होतात. आम्ही कोळसा न्यायचा रेल्वे सायडिंगला.

फौजेत गाडी म्हणजे जीव, रोज ऑइल, टायर, नट चेक. इथं आलो तर खाजगी ड्रायव्हर पोरं ब्रेक लागत नसताना फेऱ्या मारतात कारण पैसे फेरीवर. परत तेच, टबावर हिशेब! धाग्यात वाचलं तर लक्षात आलं की ८० वर्षांत टबाचं टिप्पर झालं. आमचे लोक म्हणाले आधी ब्रेक मग फेरी, त्यात धंदा कमी झाला, बिलं उशिरा, हप्ते वेळेवर. दोन जण कर्जातून बाहेर पडायला गाव सोडून सिक्युरिटीला गेले पुण्याला. मी टिकलो, ठीक चाललंय. उन्हाळ्यात ४७ डिग्रीला कोळशाचा ढीग आपोआप धुमसतो, त्याच्या बाजूला लाइनीत टिप्पर लावून बसायचं म्हणजे राजस्थानचं पोस्टिंग बरं होतं असं वाटतं.

कोरेगावकर

फौजी साहेब जय हिंद. एक विचारायचं होतं, जुने कागद काढायचे तर कुठं जायचं? चुलत आजोबांचा डिस्चार्ज बुक पुरात गेला.

टिप्परवाला_फौजी

जय हिंद. मराठा पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार पलटणीचं मध्य प्रदेशात सागरला. नंबर, रँक, नाव, गाव जेवढं माहीत ते लिहून अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर जास्त बरं, ते लोक फॉर्म भरून देतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मानधन पण तिथूनच होतं, कोणाच्या घरी अजून आजी असेल तर बघा, बऱ्याच जणांना माहीतच नाही. तुमच्या आजोबांच्या त्या सोबत्याचं नाव आठवत असेल आणि तो तिथंच गेला असेल तर कॉमनवेल्थच्या युद्धस्मशानांची यादी इंटरनेटवर आहे, नाव टाकून शोधता येतं, फुकट. स्पेलिंग मात्र इंग्रजांनी कसं लिहिलं असेल तसं दहा प्रकारे टाकून बघा.

कोरेगावकर

हे माहीत नव्हतं. आज रात्रीच बसतो.

वणीवाला

खाणीचे कागद पाहिजे असतील तर बी फॉर्म रजिस्टर मागा, कामगाराची सगळी माहिती त्यात असते. पण वयावर विश्वास ठेवू नका हा. आमच्या आबाजींचं सांगतो. १९४२ ला भरतीवाल्यांनी वय विचारलं तर यांनी वाढवून अठरा सांगितलं, सोळा पण नव्हते. मग परत आल्यावर खाणीत, आणि खाण सरकारी झाल्यावर जेव्हा नीट रजिस्टर लिहिलं तेव्हा बाबूनं विचारलं जन्मतारीख काय, यांना माहीत नाही, बाबूनं सगळ्यांची लिहिली तशी १ जुलै लिहिली आणि साल आबाजींनी सांगितलं १९३४, कारण जितकं लहान तितकी नोकरी जास्त. १९९४ ला साठीला रिटायर झाले, खरं वय अडुसष्ट, पाठीत वाकलेले, आणि निरोप समारंभात साहेब म्हणाले एवढी तब्येत टिकवून ठेवली कशी. घरी दोन्ही कागद एकाच ट्रंकेत आहेत, एका कागदावर बर्माचं मेडल, दुसऱ्याप्रमाणे तेव्हा वय आठ वर्षं. कोणत्याही ऑफिसात कोणी दोन्ही एकदम मागितले नाहीत म्हणून सगळं निभावलं.